चमकीतला सकूचा चेहरा

लखलखत्या डोंगराच्या पायथ्याशी एक वस्ती होती. डोंगर असा झळाळायचा की पाखरंसुद्धा डोळे मिचकावत उडायची, आणि वस्ती अशी गरीब की सणालाही कुणाच्या घरी गूळ दिसायचा नाही. डोंगराच्या पोटात अभ्रक होतं, काचेसारखे पातळ रुपेरी पापुद्रे. ते कुटून चमकी व्हायची. ती दूरच्या शहरात नवरीच्या गालांवर, अंगणातल्या रांगोळीत, बाहुल्यांच्या झग्यांवर चमचमायची. ती आली कुठून, हे मात्र कुणी विचारत नसे. न विचारणं फार सोयीचं असतं.

आठ वर्षांची सकू पाचव्या वर्षापासून ते अभ्रक काढत होती. डोंगरातली बिळं मुकादमाने मुद्दाम अरुंद ठेवली होती. रुंद करायची तर लाकडाचे टेकू हवेत, मोठी माणसं हवीत, त्यांना पुरी मजुरी हवी. त्यापेक्षा पोरं स्वस्त! पण यंदा सकूचे खांदे बिळाच्या तोंडाशीच अडकले. मुकादम म्हणाला, उद्यापासून धाकटीला पाठव. धाकटी चिंगी अजून झोपेत अंगठा चोखायची. आईने हात जोडले, तर त्याने पाठ फिरवली.

रागाने धुमसत सकू रानात गेली. तिथे बोरीच्या काट्यांत एक इवलीशी परी अडकली होती. पंख निळे-जांभळे, झगा झुळझुळीत, चंदेरी. सकूने आपली बोटं ओरबाडून घेतली, पण झग्याचा एक धागा उसवू दिला नाही.

परी गोड हसली. म्हणाली, एक वर माग. मात्र नियम दोन. मागायचं ते फक्त स्वतःसाठी, आणि कुणाचं वाईट मागायचं नाही.

म्हणजे चिंगीसाठी काही मागता येणार नव्हतं. सकूचे डोळे भरून आले. तेवढ्यात तिची नजर झग्यावर गेली. ती चमचम तिने हजारांत ओळखली असती.

"परीताई, ही चमकी कुठली?"

"बाजारातली. त्याच्या आधी कुठली, ते मी कधी विचारलं नाही गं."

सकूने डोळे पुसले आणि कंबरेवर हात ठेवले. "मग माझा वर ऐक. मी काढलेल्या कणाकणात माझं तोंड दिसायला पाहिजे. बघेल त्याला. माझंच तोंड मागतेय मी, स्वतःसाठी."

परीने छडी फिरवली, आणि सगळ्यात आधी तिच्याच झग्यात शेकडो चिमुकल्या सकू उमटल्या. मातीने माखलेले गाल, खरचटलेलं नाक, रोखून बघणारे डोळे. परी लाजेने लालेलाल झाली. तिने झग्यावरची सगळी चमकी झटकली आणि साध्या पांढऱ्या झग्यात ती मान खाली घालून उडून गेली.

सकाळी मुकादम चिंगीला न्यायला आला, तर बिळाच्या तोंडात सकू घट्ट बसलेली! आत जाता येत नव्हतं, पण बूच होता येत होतं. त्याने धमकावलं, लाडू दाखवला. सकू त्याच्या नाकावर टिच्चून तिथेच बसली. "माझ्या बहिणीला आत जायला वाट नाही," ती म्हणाली. ते पाहून बाकीच्या थोराड पोरींनी एकेका बिळात ठिय्या मांडला. आयांनी कुटायच्या हातोड्या खाली ठेवल्या.

इकडे शहरात एकच गोंधळ. नवरी आरशात बघते, तर गालावर सकू. रांगोळीतून सकू, बाहुलीच्या झग्यातून सकू. चमकी कुणी घेईना. लोकांनी दुकानदाराला गाठलं, त्याने कानांवर हात ठेवले आणि व्यापाऱ्याकडे बोट दाखवलं. व्यापाऱ्यानेही कानांवर हात ठेवले. पण लोक हटले नाहीत. जो जिकडे बोट दाखवेल तिकडे चालत चालत तिसऱ्या दिवशी ते थेट डोंगराशी आले, आणि चमकीतला चेहरा त्यांना बिळात बसलेला दिसला.

मग मात्र मुकादमाला पळता भुई थोडी झाली. वस्तीने सांगितलं, शहराने ऐकलं. बिळं फोडून उंच दारं झाली, टेकू लागले. मोठी माणसं ताठ मानेने आत जाऊ लागली आणि पुरी मजुरी घेऊन बाहेर येऊ लागली. पोरांसाठी शाळा निघाली. चिंगीने बीळ आतून कधी पाहिलंच नाही.

एका सकाळी साध्या झग्यातली परी आली. नव्या खाणीच्या दाराशी सकूच्या आईची टोपली होती. परीने त्यातला एक पापुद्रा उचलला, उन्हात धरला. त्यात कुणाचाच चेहरा नव्हता. तरी तिने तो झग्याला लावला नाही. आधी तिने विचारलं, "हा कुणी काढला?"

सकूच्या आईला इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तिने पदराने कपाळ पुसलं.

"मी काढला. माझं नाव भारजा."

"भारजाबाई, मी घेऊ का?"

आईने सकूकडे पाहिलं. सकूने मान डोलावली, तेव्हा कुठे आईने हो म्हटलं. परीने पापुद्रा छातीशी धरला. डोंगरभर सोनेरी उजेड पसरला, आणि त्या उजेडात ती दिसेनाशी झाली.