मुद्गलाचा मान

तालमीतल्या वस्तू बोलत होत्या तेव्हाची गोष्ट. एका तालमीत शिसवी लाकडाचा जाडजूड मुद्गल होता. पैलवान आधी त्याच्या पाया पडत, मगच त्याला खांद्यामागून फिरवत.

एके दिवशी रेवा नावाची मुलगी वजनांचा बार आणि उड्यांची दोरी घेऊन तिथे आली. ती बार एका झटक्यात डोक्यावर नेई, धाडकन खाली टाकी, लगेच दोरीवरून पन्नास उड्या मारी, चार श्वास घेई आणि पुढच्या फेरीसाठी पुन्हा बारला भिडे.

मुद्गलाच्या पोटात दुखू लागले. "दोरीने विहिरीवर राहावं. तालमीत कशाला नाचतेस गं?" त्याने दोरीला डिवचले.

"आजोबा, जळता कशाला? तुम्हीही या की फेरीत!"

त्याला तेच तर हवे होते. रेवाच्या हातांसाठी तो झुरत होता. दुसऱ्या दिवशी धापा टाकतच रेवाने त्याची मूठ धरली. मुद्गल हरखला, पण जमिनीला चिकटून बसला.

"आधी पाया पड, पोरी!"

"आजोबा, इथे श्वास घ्यायला फुरसत नाही. फेरी संपली की पडते."

"आधी म्हणजे आधी!"

रेवाने मूठ सोडली आणि बार उचलला.

दसऱ्याला वस्तादांनी मुद्गलाला घसघशीत हार घातला. सगळे पाया पडले. रेवाही पडली, आणि बार-दोरी घेऊन अंगणात पळाली.

हाराखाली उभा राहून मुद्गल बाहेरच्या उड्या ऐकत राहिला.