पूर्वेची विहीर

एकदा एका वृद्ध शेतकऱ्याने औत मुलाच्या स्वाधीन केले, आणि त्या दिवसापासून बोलणेच सोडले. ओसरीवर भिंतीकडे तोंड करून तो बसे. दोन घास खाई आणि ताट सरकवी. आबा असेच मिटून जाणार, या धास्तीने मुलगा गावाबाहेरच्या एका ज्ञानी गुरूंकडे गेला.

गुरूंनी आधी शिष्याला पाठवले. शिष्य मोठा उत्साही. हात जोडून म्हणाला, "बाबा, एवढे दीर्घ आयुष्य जगलात. त्यातले काही सांगा ना!"

"काय सांगायचं? शेती केली."

संपले आयुष्य! शिष्याने त्याच्या कष्टांची तोंड भरून स्तुती केली, तेव्हा तर म्हाताऱ्याने डोळेच मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी गुरू स्वतः आले. आता अमृतवाणी ऐकायला मिळणार म्हणून घरची माणसे सरसावून बसली. गुरू मात्र शिष्याला सांगू लागले, "यांचे शेत मला ठाऊक आहे. पूर्वेच्या बांधाला विहीर आहे."

शिष्य चपापला. काल त्याने त्याच विहिरीचे पाणी प्यायले होते, आणि ती पश्चिमेला होती. म्हाताऱ्याची मान किंचित वळली.

"एक बैलजोडीही होती. त्यातला पाखऱ्या आळशी, असे ऐकतो."

"आळशी?" म्हातारा ताडकन उठला. "म्हाराज, कुणी सांगितलं तुम्हाला? नदीत गाडी रुतली तवा हौशा खाली बसला, पाखऱ्यानं एकट्यानं ओढली! आन् विहीर पूर्वेला? तिकडं नुसता खडक! पश्चिमेला पाणी लागलं तवा चिखलात नाचलो आम्ही!"

"असेल. पण बांधावरचा आंबा तुमच्या वडिलांनी लावला ना?"

"वडलांनी?" चढलेला आवाज एकाएकी उतरला. त्याने मुलाकडे बोट केले. "ह्याच्या आईनं! हा पोटात होता. म्हणलं, घागर उचलू नगंस. ऐकती कुठली! म्हणाली, पोर आन् झाड दोघं बरोबरच वाढवीन."

त्या आंब्याखाली मुलगा जन्मभर भाकरी खात आला होता. त्याला हे ठाऊक नव्हते, कारण त्याने कधी विचारलेच नव्हते. त्या दिवशी म्हाताऱ्याने भाकरी मागून घेतली.

वाटेत शिष्य म्हणाला, "गुरुदेव, आपण चक्क खोटे बोललात!"

"बोललो. तो दोष माझ्या माथी. पण या माणसाने जन्मभर स्वतःकडे पाहिलेच नाही. पाण्याकडे, बैलांकडे, झाडाकडे पाहिले. तू त्याचे आयुष्य त्याच्यापाशी शोधलेस, आणि ते होते शेतात. औत दिले तेव्हा आपले काम संपले असे त्याला वाटले. आज त्याच्या शेताविषयी कुणी चुकीचे बोलले, आणि चूक दुरुस्त करणारा तो एकटाच होता."

सकाळी आश्रमाच्या दारात काठी आपटली. "चला उठा, म्हाराज! एवढे ज्ञानी, आन् दिशा कळंना? विहीर दाखवतो!"

गुरूंनी मुकाट्याने पायताण चढवले. म्हाताऱ्यामागे मुलगा उभा होता. दोन पावले चालल्यावर त्याने गुरूंकडे एकदा पाहिले आणि अगदी भोळेपणाने विचारले, "आबा, हौशाला तुम्ही उजवीकडं जुंपायचा ना?"

"उजवीकडं?" म्हातारा गरजला. "अरे, डावीकडं! ये इकडं, जवळ ये. सांगतो."

आणि मुलगा जवळ गेला.