धाकू पागीची हाक

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका; आडवेळ गावात ज्याला विचाराल तो आपल्या आजोबांच्या आजोबांवर ढकलून मोकळा होतो. तेव्हा किनाऱ्यावर सुरूची झाडं नव्हती, इंजिनाची होडी कुणी पाहिली नव्हती, आणि पाण्याखाली काय चाललंय ते कळणारा गावात एकच माणूस होता. त्याचं नाव धाकू पागी.

पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेलं. ते कायम धाकूच्या खांद्यावर असे. जेवायला बसला तरी ते उतरत नसे. त्याची बायको जिवंत होती तोवर त्यावरून घरात रोज भांडण होई, असं म्हणतात.

आता माशाचं सांगतो, कारण माशाशिवाय ही गोष्ट कळायची नाही. सरंगा तुम्हाला ठाऊक आहे, शहरात त्याला पापलेट म्हणतात. त्याच्यासारखाच चपटा, रुपेरी, पण पोटाखाली पिवळी झाक असलेला एक मासा आहे. तो खोल पाण्यात राहत नाही. भरती चढू लागली की तो लाटांबरोबर अगदी किनाऱ्याशी येतो आणि बोथट तोंडाने वाळू उकरून खुबे आणि बारके खेकडे खातो. आडवेळीत त्याला नुसता 'लाटेतला' म्हणतात. चवीला असा, की तो शिजत असला की भांडलेले शेजारीही काहीतरी मागायच्या निमित्ताने डोकावून जातात.

पण पकडायला महाकठीण. समुद्र किनाऱ्याजवळ पाण्याखाली वाळूचा एक लांब बांध घालतो. लाटा त्या बांधावर फुटतात. बांध आणि किनारा यांच्यामध्ये जो खोलगट पट्टा राहतो, तिथे हा मासा चरतो. आणि बांधाला कुठे खिंडार असेल, तर किनाऱ्यावर आलेलं सगळं पाणी त्या खिंडारातून ओढीने परत जातं, बरोबर खाणं घेऊन जातं, म्हणून मासा त्या खिंडाराच्या तोंडाशी गोळा होतो. म्हणजे जिथे मासा जास्त, तिथेच माणूस वाहून जायची भीती जास्त. समुद्र काही फुकट देत नाही.

धाकू बांधावर खिंडाराच्या कडेला छातीभर पाण्यात उभा राही. लाट उभी राहिली की तिच्या अंगातून मासा आरपार दिसतो, पण डोळ्याचं पातं लवेपर्यंतच. धाकूला डोळ्यांची गरजही नसे. मासे वाळू उकरू लागले की त्याच्या तळपायांना कळे, असं म्हणतात. मागे गावची माणसं रापणीचा दोर धरून रांगेने पाण्यात उभी असत. रापण म्हणजे गावकीचं लांबलचक जाळं. होडीतले लोक ते अर्धगोल सोडत माशांच्या मागून वळसा घालत, आणि धाकूचा हात वर गेला की सगळ्यांनी दोर ओढायचा, आधी खालचा, मग वरचा, म्हणजे मासा खालून निसटत नाही.

हात वर जाईपर्यंत मात्र कुणी हूं का चूं करायचं नाही. खोकायचं नाही, पाय उचलायचा नाही, नाकावर माशी बसली तर बसू द्यायची. हा धाकूचा नियम होता. एकदा गावच्या गावकाराला, म्हणजे मुख्य मानकऱ्याला, शिंक आली आणि मासे पळाले. गावकार असला म्हणून काय झालं, धाकू त्याच्याशी पुढचा सगळा हंगाम बोलला नाही. तेव्हापासून आडवेळीत पोर रडायला लागलं तरी आई म्हणे, गप रे, धाकूचा हात वर नाही.

मग ते वाईट वर्ष आलं. नारळी पौर्णिमा झाली, समुद्राला नारळ वाहिला, होड्या पाण्यात उतरल्या आणि अवेळी वादळ झालं. एक लहान होडी सोडून सगळ्या होड्या खडकांवर फुटल्या. पाठोपाठ तापाची साथ आली आणि धडधाकट पुरुष अंथरुणाला खिळले. घराघरांतला तांदूळ संपला. माणसं कणग्या झाडून पेज करू लागली, मग कणग्याही झाडायच्या राहिल्या नाहीत. लहान मुलं रडायची बंद झाली, आणि आयांना त्याचीच जास्त भीती वाटू लागली.

धाकूचा एकुलता एक मुलगा सोमा तापाने पडला होता. त्याची बायको द्वारका नुकतीच लग्न होऊन आली होती, तीही डोंगराकडच्या गावातून. तिने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्नाच्या वरातीत. घरात ती सासऱ्यासमोर पदर सावरून उभी राही, आणि बोलली तरी भिंतीलाच ऐकू जाईल इतकं हळू बोले. धाकूला सून आवडायची. पण कौतुकाने बोलायची पद्धत त्याच्या घराण्यातच नव्हती.

एके दिवशी दुपार कलताना धाकू धावतच वाडीत आला. "लाटेतलो इलो! थव्यान इलो! जे उभे रवू शकतत ते सगळे चला, बायकापोरींनी पण दोर धरूक व्हयो."

तापातून उठलेले उठले, म्हाताऱ्या आल्या, बायका आल्या. द्वारकाही आली. धाकूने तिला रांगेत आपल्या मागच्या बाजूला, सखू म्हातारीच्या पुढे उभं केलं आणि बजावलं, "दोर सोडू नको. आणि काय पण झाला तरी आवाज करूचो नाय. सगळो गाव उपाशी आसा." तिने मान हलवली.

दोराची एक बाजू किनाऱ्यापासून माणसांच्या हातांतून धाकूपर्यंत आली होती आणि तिथून पुढे होडीकडे गेली होती. होडीत तिचा म्होरक्या लाडू तांडेल होता. तो वल्ह्याचा आवाज न करता वळसा घालू लागला. धाकू दोर काखेत धरून बांधावर उभा राहिला. लाट उभी राहिली आणि सगळ्यांना दिसलं. लाटेत पाणी कमी आणि मासा जास्त. रांगेत एकही माणूस हलला नाही. पोटं खपाटीला गेलेली, पण तोंडं शिवल्यासारखी बंद.

अजून वळसा पुरा व्हायचा होता. पाणी चढत होतं. कमरेचं पाणी छातीला आलं. डोंगराकडच्या पोरीला काय ठाऊक, की पाणी मागे फिरताना पायाखालची वाळूही घेऊन जातं! ते ठाऊक असलेला माणूस टाचा रुतवून उभा राहतो. द्वारका बोटांवर उभी होती. एक मोठी लाट आली, परतली, आणि द्वारकाचे पाय सुटले. तिच्या हातातला ओला दोर निसटला.

सखू म्हातारीने ते पाहिलं. तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. आपण ओरडलो आणि मासे गेले, तर उद्या कुणाचं पोर गेलं की बोल आपल्याला लागेल, हे तिच्या मनात आलं. तिच्या मागच्या माणसानेही पाहिलं. त्याच्याही मागच्याने. कुणी बोललं नाही. तुम्ही म्हणाल, काय ही माणसं! मीही लहानपणी तसंच म्हणायचो. आता म्हणवत नाही.

द्वारका खिंडाराकडे ओढली जात होती.

धाकूची पाठ तिच्याकडे होती. पण दोरातून त्याला आपली माणसं कळत, असं म्हणतात. कोण थकलंय, कोण घाबरलंय, कुणाची पकड सैल आहे, सगळं त्याच्या काखेत येऊन पोचे. त्याला कळलं, दोरावरचा एक हात कमी झालाय. आणि जो धाकू माशांवरची नजर कधी काढत नसे, त्याने मान वळवली.

त्याच्या डाव्या अंगाने, खिंडारातून, त्याची सून समुद्राकडे चालली होती. डोकं तेवढं वर होतं. ती त्याच्याकडेच बघत होती. आणि तिने ओठ घट्ट दाबून धरले होते.

बुडणारा माणूस ओरडतो. जनावरही ओरडतं. ही ओरडली नाही, कारण सासऱ्याचा हात वर गेला नव्हता.

"द्वारका!" धाकू ओरडला. सासऱ्याने सुनेला चारचौघांत नावाने हाक मारायचा तो काळ नव्हता. गावाने तिचं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, तेही असं. त्याने रापणीचा दोर कमरेला गुंडाळला, खांद्यावरचं जाळं हातात घेतलं आणि फेकलं. इतकं लांब जाळं त्याआधी कुणी फेकलं नव्हतं आणि त्यानंतरही कुणी फेकलं नाही. ते हवेत उघडलं, खिंडारावर सावली पडली, आणि ते द्वारकाच्या डोक्यावरून खाली बसलं.

पण जाळ्याला शिसं असतं. जाळ्यातलं माणूस लगेच ओढून घेतलं नाही, तर तेच जाळं त्याला तळाला नेतं. धाकूने दोन्ही हातांनी जाळ्याची दोरी ओढली. खिंडाराने उलट ओढलं. त्याचे पाय बांधावरून सुटले.

"ओढा!" तो ओरडला. "ओढा रे!"

कुणी ओढेना. होडीतल्या लाडूने कोयतीने दोर तोडून रापणीचं ओझं सोडवलं होतं, आता फक्त किनाऱ्याने ओढायचं होतं, तरी कुणी ओढेना. मासे फुटले होते, रुपेरी चादर झटकावी तसे बांधाबाहेर चालले होते, आणि लोक एकदा त्यांच्याकडे आणि एकदा धाकूकडे बघत होते. वर्षानुवर्षं त्यांना एकच शिकवलं होतं, हात वर गेला की ओढायचं. आणि धाकूचे दोन्ही हात सुनेच्या जाळ्यात होते. तो वर करणार कुठला हात?

मग सखू म्हातारीला वाचा फुटली. अशी किंचाळली की डोंगरापलीकडच्या गावात ऐकू गेलं, असं म्हणतात. "हात खयचो बघतास मेल्यांनो! माणूस जाता! ओढा!"

तेव्हा गाव भानावर आलं. तापातून उठलेल्यांनी, म्हाताऱ्यांनी, उपाशी बायकांनी दोर ओढला. हात सोलले, पण थांबले नाहीत. आधी धाकू आला, मग त्याच्या हातातली दोरी, मग जाळं, आणि जाळ्यात गुंडाळलेली द्वारका. तिला पालथी घातली, पाणी काढलं. ती खोकली तेव्हा कितीतरी बायका एकदम रडायला लागल्या.

धाकू तिच्याशेजारी वाळूत बसला. "बोब कित्या मारलंस नाय गो? माका एकदा हाक मारूची मा!"

द्वारका म्हणाली, "तुमीच सांगल्यात मा, आवाज करूचो नाय."

ती तक्रार करत नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं. धाकूने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

जाळ्याच्या घड्यांत द्वारकाबरोबर थोडे मासे अडकून आले होते. कुणी म्हणतं मूठभर, कुणी म्हणतं टोपलीभर, आणि सखू म्हातारीच्या घराण्यातले तर होडीभर म्हणतात. त्याचं पातळ कालवण करून आधी मुलांना पाजलं, मग आजाऱ्यांना. ते सगळ्या गावाला पुरलं एवढं मात्र खरं, आणि कसं पुरलं ते कुणाला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तोडलेला दोर जोडून धाकू भरतीला पुन्हा गावाला घेऊन पाण्यात उतरला. द्वारकाला त्याने दोरावर सगळ्यांत आधी उभं केलं. मग तो बांधावर गेला, समुद्राकडे पाठ फिरवली, माणसांकडे तोंड केलं आणि मोठ्याने हाक दिली, "आसंस?" म्हणजे, आहेस ना?

लोक बावरले. मासे जातील!

"जावंदेत," धाकू म्हणाला. "आसंस?"

"आसंय," द्वारका म्हणाली. मग सखू म्हणाली, मग तिच्या मागचा, मग त्याच्या मागचा. आवाज दोरावरून किनाऱ्यापर्यंत गेला आणि परत आला. आणि मासे गेले नाहीत. उलट आले. आदल्या दिवशीपेक्षा दुपटीने आले, माणसांच्या पोटऱ्यांना थडकू लागले. हल्लीची मुलं म्हणतात, मासा पायांच्या दणक्याला भितो, बोलण्याला भीत नाही. असेल. मग गावकाराच्या शिंकेला का पळाले, ते त्यांना सांगता येत नाही. रापण इतकी भरली की ओढायला तापकरीही अंथरुणातून उठून आले. त्यांत सोमा होता.

धाकू पुढे पुष्कळ म्हातारा झाला. एके दिवशी भरतीला तो एकटाच बांधावर गेला आणि परत आला नाही. जाळं तेवढं किनाऱ्याला लागलं, नीट घडी घातलेलं, असं म्हणतात.

आजही आडवेळीत रापण ओढण्याआधी हाक होते. पहिली हाक धाकूला. "धाकू, आसंस?" म्हणून सगळे थांबतात. बांधावर लाट फुटली की त्याचं उत्तर आलं असं धरतात. मग एकेक जण ओ देतो. एखाद्याचा आवाज आला नाही, तर दोर खाली टाकून आधी माणूस शोधतात. मासा डोळ्यांसमोरून गेला तरी कुणी हळहळत नाही, निदान मोठ्याने तरी नाही.

आणि शेवटची हाक गावात नव्याने आलेल्या सुनेला असते. ती लाजते, पदर सावरते, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणते. तेवढ्याने भागत नाही. सासूच मागून ओरडते, "मोठ्यान गो! बांधापर्यंत जावंदे!" मासे लाटेत चमकत असतात, पाणी चढत असतं, सगळं गाव दोर धरून वाट बघत उभं असतं. तिचा आवाज बांधापर्यंत पोचल्याशिवाय आडवेळीत कुणी दोर ओढत नाही.