पालथं ताट

फार जुन्या काळची गोष्ट आहे. मुलांनो, ती तुमच्यासाठी आहे. पण तुमच्या मागे बसलेल्या मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी.

एका खाडीत एक बेट होतं. बेटावर ख्रिस्ती लोकांचं लहानसं गाव होतं आणि बाहेर जायला एकच होडी होती. गावात एक रीत होती. घरातलं कुणी होडीने परगावी गेलं, की त्याचं ताट त्याच्या जागेवर पालथं घालून ठेवायचं. माणूस सुखरूप घरी पोचलं, की ते सुलटं करायचं आणि मगच जेवायला बसायचं.

या गावात रिबका नावाची लहान मुलगी होती. तिची आई आजारी पडली आणि वारली. पाळकांनी प्रार्थना केली, सगळ्या गावाने मूठमाती दिली. रिबकाला मात्र शेजारच्या घरी बसवून ठेवलं होतं.

"लेकरू आहे, घाबरेल," असं सगळे म्हणाले. स्वतःची भीती लेकरांच्या नावावर खपवायची मोठ्यांना भारी सवय असते.

रिबका घरी आली, तेव्हा आईचं अंथरूण गुंडाळलेलं होतं.

"बाबा, आई कुठाय?"

 बाप म्हणाला, "गावाला गेलीय."

रिबकाने आईचं ताट काढलं आणि तिच्या जागेवर पालथं घातलं. ते उचलायचं बापाला धाडस झालं नाही.

मग रोज त्या ताटाच्या दोन बाजूंना बसून दोघं जेवू लागले. बाप माडांमागे जाऊन एकटा रडे. रिबका धक्क्यावर जाऊन एकटी होडीची वाट बघे. होडीतून इतरांच्या आया उतरत, आपापल्या लेकरांना कडेवर घेत आणि निघून जात.

रिबकाच्या मनाला एकच गोष्ट खात होती. आईने आजारपणात तिला जवळ बोलावलं होतं आणि खेळाच्या नादात ती फणकारली होती, "जा, मी नाही येत!" आई त्यावरच रुसून गेली, असं त्या पोरीने ठरवून टाकलं होतं. हे ती कुणाला सांगणार?

एका सकाळी ती होडीत जाऊन बसली. "आजोबा, मला आईच्या गावी सोडा. मला तिची माफी मागायचीय."

म्हातारा नावाडी गडबडला. खोटं बोलणं त्याच्या जिवावर आलं. "पोरी, तुझी आई माझ्या होडीत बसलीच नाही गं."

बेटावरून जायला दुसरी वाट नव्हती. रिबका धावत घरी आली.

"बाबा, खरं सांगा. आई होडीत बसलीच नाही, मग कुठाय ती? माझ्यावर रागावलीय ना?"

बापाने तिला जवळ ओढलं. आपल्या एका खोट्याने लेकराच्या गळ्यात केवढं ओझं बांधलं, हे त्याला आत्ता कळलं.

"नाही गं बाळा. आई आजाराने वारली. तुझ्यावर ती कधीच रागावली नव्हती. मलाच सांगायचा धीर झाला नाही."

तो तिला कबरेपाशी घेऊन गेला. रिबकाने लाकडी क्रूसाला हात लावला.

"ती परत नाही येणार?"

"या घरी नाही. पण प्रभू येशू स्वतः मेला आणि कबरेतून उठला. एक दिवस तो आईलाही उठवील आणि आपल्यालाही. तोवर ती त्याच्या घरी आहे."

"मग तुम्ही का रडता?"

"आठवण येते म्हणून. प्रभूसुद्धा आपल्या मित्राच्या कबरेपाशी रडला होता."

"मग मी रडू?"

"रड. मीही रडतो."

रडून झाल्यावर रिबकाने मूठभर माती उचलली आणि कबरेवर टाकली. ती हळूच म्हणाली, "आई, मी आले."

जेवायच्या वेळी ती आईच्या ताटापाशी गेली. बापाला वाटलं, आता ती ते फळीवर ठेवून देईल. तिने ते सुलटं केलं.

"आई घरी पोचली ना, बाबा?"

बापाने होकारार्थी मान डोलावली. आईची जागा रिकामी होती आणि पुढेही रिकामीच राहिली. पण त्या दिवसानंतर बाप माडांमागे गेला नाही आणि रिबका धक्क्यावर गेली नाही. रडू आलं, की दोघं एकमेकांजवळ येऊन बसत.

तात्पर्य: लेकरांना मरण खरं सांगावं आणि प्रभूवरची आशाही सांगावी, कारण खोट्या दिलाशाने लेकरू दुःखात एकटं पडतं.