गोठलेलं तेल आणि तीनशे पायऱ्या

फार वर्षांपूर्वी एका डोंगरी किल्ल्यावर एक गडकरी राहत होता. माणूस दिलदार, पण पाहुण्यांसमोर मिरवायची भारी हौस. त्या मुलखात एक खुळी रीत होती. जेवण झालं की पाहुणे हळूच ताट तिरकं करून बघायचे. ताटाला तुपाचा पांढरा थर गोठला असेल तर घर श्रीमंत, आणि तेल पातळच राहिलं तर घर कंगाल!

गडावर तूप बेताचंच. सगळं तळण व्हायचं ते करडईच्या तेलात. पायथ्याशी एक म्हातारी बैलाचा घाणा चालवायची, तिथून हे तेल यायचं. एकदा गडावर नवा आचारी आला.

"सरकार, हेच तेल तुपासारखं गोठवून दाखवतो," तो म्हणाला.

त्यानं भट्टी पेटवली, कसलीशी पूड टाकली, दोन दिवस तेल रटरटवलं. खरंच की, तेलाचा पांढराशुभ्र गोळा झाला! त्यात तळलेल्या पुऱ्या खुसखुशीत, शंकरपाळे महिनाभर टिकणारे. ताटं तिरकी झाली आणि पाहुण्यांच्या भुवया वर गेल्या. शेजारच्या गडाच्या गडकऱ्यानं तर कृती मागून नेली. आपला गडकरी असा खूश, की न्याहारीच्या भाकरीवरही तोच गोळा घेऊ लागला.

असं दीड वर्ष गेलं. देवीची यात्रा सहा महिन्यांवर आली. यात्रेला गडकऱ्यानं भरलेली घागर खांद्यावर घेऊन देवळाच्या तीनशे पायऱ्या चढायच्या आणि घागर मध्ये कुठेही टेकवायची नाही, अशी चाल होती. टेकवली तर पहिल्या आरतीचा मान शेजारच्या गडाला. सात पिढ्यांत हे कधी घडलं नव्हतं. गडकऱ्यानं सहज एकदा चढून पाहिलं, तर शंभराव्या पायरीवरच तो छातीला हात लावून मटकन खाली बसला.

वैद्यबुवा आले. त्यांनी नाडी पाहिली आणि थेट स्वयंपाकघर गाठलं. गडकरी त्यांच्यामागे धापा टाकत गेला. तिथे आचारी तुंबलेल्या मोरीत काठी घालून घामाघूम झाला होता.

"ही कधीपासून तुंबते रे?"

"गोठलेलं तेल आलं तेव्हापासून, बुवा."

वैद्यबुवा गडकऱ्याकडे वळले. "माणसाचं शरीर म्हणजे काही मोरी नव्हे. पण असलं तेल खाणाऱ्यांचं रक्त बिघडतं, एवढं मी नाड्या बघून शिकलोय. तेल वाईट नव्हतं, सरकार. त्याच्यावर केलेली करामत वाईट."

आजचे डॉक्टर याला कोलेस्टेरॉल वाढलं म्हणतात. वैद्यबुवांपाशी तो शब्द नव्हता, पण डोळे होते.

"मग आता काय करू?"

"गोळा बंद. घाण्याचं साधं तेल खा, तेही बेतानं. आणि रोज थोड्या थोड्या पायऱ्या चढा."

गडकरी खजील होऊन पायथ्याशी गेला. "मावशी, पूर्वीसारखं तेल द्याल का?"

"देईन की. करामत नाही हो येत मला, तेवढं चालवून घ्या," म्हातारी हसत म्हणाली.

सहा महिने त्यानं नेमानं पथ्य पाळलं. यात्रेच्या आदल्या दिवशी पाहुण्यांची पंगत होती. आचारी कानाशी लागला, "सरकार, शेजारचे गडकरी येतायत. तुम्ही खाऊ नका, पण त्यांच्यापुरता गोळा काढू का? नाहीतर नाक कापलं जाईल."

गडकरी क्षणभर घुटमळला. हसं झालेलं त्याला मुळीच सोसायचं नाही. पण तो म्हणाला, "जे मी खात नाही, ते पाहुण्याच्या ताटात कसं वाढू?"

जेवण झाल्यावर शेजारच्या गडकऱ्यानं ताट तिरकं केलं. "अरेरे, पातळच की हो! दुष्काळ पडला वाटतं गडावर?" सगळी पंगत खो खो हसली. गडकऱ्याचे कान लाल झाले, पण त्यानं सगळ्यांना आपल्या हातानं विडे दिले.

सकाळी त्यानं घागर खांद्यावर घेतली. शंभराव्या पायरीवरची फजिती शेजारच्या गडकऱ्याच्या कानावर गेली होती, त्यामुळे आपल्यालाच मान मिळणार या खात्रीनं तो रिकाम्या हातांनी मागून निघाला. शंभर पायऱ्या झाल्या, दोनशे झाल्या, तीनशे झाल्या. घागर कुठेही टेकली नाही. देवीसमोर ती उतरवताना गडकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मागे वळून बघतो तर पाहुणा कुठेच दिसेना!

आरती झाल्यावर गडकरी खाली उतरला. शेजारचा गडकरी शंभराव्या पायरीवर भात्यासारखा फुसफुसत बसला होता. आता हसायची पाळी आपल्या गडकऱ्याची होती, पण तो हसला नाही. त्यानं त्याला पाणी पाजलं.

पाहुणा खालमानेनं पुटपुटला, "ते तुमचं पातळ तेल... त्याचा घाणा कुठे आहे हो?"

"पायथ्याशी," गडकरी त्याला हात देत म्हणाला. "चला, उतरणं सोपं आहे."

तात्पर्य: ताटात काय गोठलं ते लोक बघतात, पोटात गेल्यावर ते काय करतं, हे मात्र आपलं आपणच बघायचं असतं.