शेजघरातला अपराधी

थंडी बाधू नये म्हणून भुजंगराव सरदारांनी शेजघराच्या खिडक्या खिळे ठोकून बंद करून घेतल्या. महिन्याभरात भिंती ओलावल्या, कोपरे बुरशीने काळे पडले आणि जरीचा अंगरखासुद्धा कुबट वास मारू लागला.

"कोणीतरी चोरून भिंतींवर पाणी शिंपडतंय!" सरदार गरजले. "असेल त्याला महालाबाहेर हाकला!"

मानकऱ्यांनी लगेच पाणी भरणाऱ्या सोनजीकडे बोट दाखवलं. बिचारा हात जोडून विनवू लागला. लेकरंबाळं घेऊन जायचं कुठं?

तेवढ्यात सरदारांच्या म्हाताऱ्या आत्याबाई पुढे आल्या. "थांब रे भुजंगा, अपराधी मी पकडून देते." त्यांनी अंगणातला गार पडलेला आरसा आणवला आणि सरदारांच्या नाकासमोर धरला. आरसा धुरकटला, त्यावर बारीक थेंब जमले.

"हा बघ, तुझाच श्वास! रात्रभर कोंडून ठेवलास, तर बिचारा बसणार कुठं? भिंतीवरच ना?"

सरदार ओशाळले. "मग आता काय करायचं, आत्या?"

"करायचं काय? सोनजी, पक्कड आण आणि खिडक्यांचे खिळे उपट. सरदारांचा हुकूम आहे बाबा, अपराध्याला महालाबाहेर काढायचंय!"