सोयीची बहीण

मुलांनो, आणि मोठ्यांनो, तुम्हीही सांगा: जिला पाट मांडायचा नाही, ती कसली बहीण?

फार फार वर्षांपूर्वी एका राजाने दवंडी पिटवली. ज्याच्या घरी गडी-मोलकरीण असेल, त्याने माणशी कर भरावा. राबणाऱ्याकडून काही घ्यायचे नाही, राबवून घेणाऱ्याने द्यायचे.

पेठेत एक शेठाणी राहत असे. तिच्याकडे सगुणा नावाची मोलकरीण होती. सगुणाच्या मोलावर गावाकडे तिची म्हातारी आई दोन घास खाई.

कर घ्यायला राजाचा कारकून दारात आला तेव्हा सगुणा पाणी भरत होती. शेठाणी हसून म्हणाली, "छे हो, मोलकरीण कुठली! ही माझी धाकटी बहीण."

सगळ्या पेठेने तेच केले. सोनाराकडचा पिकल्या मिशांचा पाणक्या तर त्याचा भाचा झाला. मामा तिशीचा आणि भाचा साठीचा!

महिना भरला. सगुणाने हात पुढे केला.

"वेडी की काय? बहिणीला कुणी मोल देतं का?" शेठाणी म्हणाली. "बोभाटा झाला तर राजा दंड करील. जा, भांडी पडलीत."

सगुणाला आईची रिकामी चूल दिसली. तिचे डोळे भरून आले. पण ते पुसता पुसता तिने मनाशी काहीतरी ठरवले.

पुढे शेठाणीच्या नातवाचे बारसे निघाले. बायकांची पंगत बसली. सगुणा न्हाऊन, धुतलेले लुगडे नेसून आली आणि शेठाणीच्या शेजारच्या पाटावर मांडी घालून बसली.

"ऊठ गं!" शेठाणी दातओठ खात कुजबुजली. "वाढायचं कुणी?"

"अक्का," सगुणा सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "घरात मंगलकार्य आणि सख्ख्या बहिणीनं मोरीत खरकटी भांडी घासत बसायचं? लोक तुलाच नावं ठेवतील."

समोर त्याच कारकुनाची बायको जेवायला बसली होती. तिने विचारले, "बहीण ना ही तुमची? मग वाढा की!"

शेठाणीचा चेहरा उतरला. सगुणा हळूच म्हणाली, "मला दोन्हींकडून उपाशी ठेवू नका. मोलकरीण म्हणा नि मोल द्या, नाहीतर बहीण म्हणा नि पोळी वाढा."

शेठाणीने मुकाट्याने पोळी वाढली. सगुणाने वर तूप मागितले. पोटभर जेवली आणि ताट तिथेच ठेवून उठली.

ही बातमी पेठेभर व्हायला कितीसा वेळ लागणार? संध्याकाळी पाणक्याने कावड कोपऱ्यात ठेवली, सोनाराच्या झोपाळ्यावर अंग टाकले आणि हाक मारली, "मामा, जरा पाणी आण रे."

माणसाचे नाते आपल्या सोयीने बदलू नये. ज्याच्या कष्टावर घर चालते, त्याचा हक्क त्याला द्यावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेठेतल्या एकाही घरी पाणी भरले गेले नाही, आणि शेठाणीने आधी सगुणाच्या हातावर तिचे मोल ठेवले, मग स्वतः चावडीवर जाऊन कर भरला.